देवीचा डाग

कुवेतमध्ये सुलैबियाच्या कामगार कॅम्पमधल्या एका वेल्डरला क्षय निघाला आणि त्याला मायदेशी परत पाठवलं. त्याच्या खोलीतले सहा जण तपासणीसाठी फहाहीलच्या आमच्या दवाखान्यात आले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तिथे फॉर्म भरायचो. रक्ताची नवी चाचणी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. डॉक्टरांना ती कातडीच्या जुन्या चाचणीशी ताडून पाहायची होती.

सहांत मालवणकडचे एक सुतार होते, चाळिशी ओलांडलेले. छातीत रोग निघाला तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द आणि पुढचं विमान. मुलगी बारावीला होती.

फॉर्मवर प्रश्न होता : बीसीजी लस टोचली आहे का? मी विचारलं, "मिस्त्री, लहानपणी लस?"

त्यांनी बाही वर करून दंडावरचा डाग दाखवला. "ही काय, देवी."

मी लिहिलं : होय.

रक्त घेतलं आणि कातडीची चाचणी हातावर टोचली. तिसऱ्या दिवशी तिथे टणक गाठ आली होती. डॉक्टरांनी चारी बाजूंनी बॉलपेनच्या रेघा मारल्या आणि मोजपट्टी लावली.

"खूण केलात, आता रंधा मारतलात काय?" मिस्त्री म्हणाले.

मी ते हिंदीत सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले. फॉर्म पाहून म्हणाले, बीसीजी घेतलेल्याचा हात असा फुगू शकतो, रक्ताचं येऊ दे. एक्स-रे थांबला.

रक्ताची चाचणी त्या लशीला फसत नाही. नळीत क्षयजंतूची प्रथिनं असतात. रक्त त्यात घालून अंगाइतक्या उबेत ठेवतात. जंतू पूर्वी शरीरात शिरलेला असेल, तर रक्त ओळख देतं. मिस्त्री फहाहीलमध्ये दाराच्या चौकटी बसवत होते. त्याच वेळी त्यांचं रक्त कुवेत सिटीत, एका बंद पेटीत, कुणाला तरी ओळखत होतं.

आठवड्याने कागद आला. पॉझिटिव्ह.

डॉक्टरांनी फॉर्म पुढे सरकवला. "बीसीजीचं यानेच सांगितलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. देवीची लस वेगळी, क्षयाची वेगळी. मी चूक सांगितली. एक्स-रे त्याच दुपारी काढला.

फिल्म उजेडावर लावली. डॉक्टर बराच वेळ वरच्या कोपऱ्यात पाहत राहिले. मिस्त्रींनी खुर्चीचा हात धरला होता. सवयीने अंगठा लाकडाच्या सांध्यावरून फिरत होता.

"साफ आहे," डॉक्टर म्हणाले. "आजार नाही. इथेच राहा. गोळ्या मात्र नऊ महिने, एकही दिवस न चुकवता."

"मग आत काय नाय?" मिस्त्रींनी मला विचारलं. मी ते डॉक्टरांना हिंदीत विचारलं.

"आहे. जंतू झोपलाय."

कॅम्पची बस निघून गेली होती, म्हणून मी त्यांना गाडीतून सोडायला निघालो. गोळ्यांच्या वेळा मोठ्याने वाचून दाखवत होतो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू बोला, साहेब."

पुढचा सगळा रस्ता ते कुजबुजत बोलले. मीही.