खिडकीखालचे चौदा इंच

आमच्या गावच्या बँकेची खिडकी ओट्यापासून अवघ्या अडीच फुटांवर आहे. तिच्यापुढे येणारा प्रत्येक माणूस कमरेतून वाकतो. इमारत बँकेहून जुनी. जाफराबाद ओलांडले की निजामाच्या संस्थानाची हद्द संपून वऱ्हाड लागे. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेण्यासाठी हे करोडगिरीचे नाके बांधलेले होते. दोन हात जाडीच्या काळ्या दगडी भिंती, सागाच्या तुळया, पुढे खांबांचा ओटा. १९७९ मध्ये बँक येथे आली. रयतेची मान झुकावी म्हणून जकातवाल्यांनी खिडकी मुद्दाम खाली ठेवली, असे गाव सांगत आले.

गेल्या वर्षी बँकेने या वास्तूचा इतिहास माझ्याकडून लिहून घेतला. मी निवृत्त प्राध्यापक. ऐकीव गोष्ट तपासून घेणे हे माझे काम होते. मी ती न तपासता लिहिली, आणि वर ‘सत्ता प्रथम दगडातून बोलते’ असे एक वाक्य जोडले. बँकेने तो मजकूर ग्रॅनाइटवर कोरून खिडकीशेजारी बसवला.

पंधरा दिवसांनी गयासोद्दीन मिस्तरी माझ्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर. गावातील निम्म्या घरांचे पाये त्यांच्या हातचे. सोबत नात कहकशा होती. ते खुर्चीवर बसले नाहीत.

“सर, ती खिडकी जकातवाल्यांची न्हाई. माझी हाय.”

मी कागद पुढे ओढला. त्यांनी हाताने थांबवले. “आधी ऐका. मंग लिहा.”

बँक येण्यापूर्वी त्या भिंतीला खिडकीच नव्हती. ती गयासोद्दीन यांनी फोडली आणि मागच्या पडक्या पडवीचे दगड तिला लावले. म्हणून ती जुनी दिसते. आतली जमीन उंच होती, ओटा खाली. आत बसणाऱ्या बाबूला खिडकी अडीच फुटांवर, बाहेर उभ्या माणसाला छातीइतकी. माप योग्य होते. पण पावसाचे पाणी चढू नये म्हणून ओट्यावर चौदा इंच मुरूम भरून शहाबादी फरशी टाकायची, हेही नकाशात होते. ओटा वर आला आणि बाहेरच्या माणसासाठी खिडकी तेवढीच खाली गेली.

“नकाशा इंग्रजीत होता. विचारलं असतं तर लोक म्हणले असते, मिस्तरीला कागद कळत न्हाई. शेवटची फरशी बसवली, तिच्यावर उभा राह्यलो, तवा कळलं. चौकट काढून वर घ्यायला आठ दिवस लागले असते.”

“कोणाला सांगितले नाही?”

“तवाच्या मॅनेजर साहेबानं सोताच बघितलं. म्हणले, राहू दे मिस्तरी, वाकलेला माणूस भांडत न्हाई. त्या बोलण्यानं मला बरं वाटलं, सर. तेवढा गुन्हा धरा. बाकीची चूक होती.”

पुढे गोष्ट रचली गेली. ‘तुमच्या निजामानं वाकवलं’ असे लोक हसत म्हणत आणि गयासोद्दीनही हसत. दोष मेलेल्या राज्यावर जात होता, तो त्यांच्यावर येत नव्हता. आता मात्र कॉलेजातील मुलांनी कहकशाला त्या ग्रॅनाइटपुढे उभे करून फोटो काढला होता: बघ, तुझ्या आजोबांचं राज्य.

“राज्य न्हाई,” गयासोद्दीन म्हणाले, “पण काम आजोबाचंच. पोरीनं माझ्या मापाचं ऐकून घ्यायचं, हे बराबर न्हाई. खिडकी वर घेतो. मजुरी नको. फक्त परवानगी काढा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. आदिनाथ हे तरुण शाखाधिकारी. त्यांनी बाजूच्या दारातून मला हाक मारली, “सर, आत या, चहा घ्या.” त्या क्षणी मला उमगले, की त्या खिडकीपुढे मी एकदाही वाकलेलो नव्हतो. मला नेहमी आतच बोलावले जाई. वाकण्याविषयी मी खुर्चीवर बसून लिहिले होते.

आदिनाथ म्हणाले, “खिडकीला हात लावता येणार नाही. वारसा म्हणून वरिष्ठ कार्यालयाला प्रस्ताव गेला आहे. सर, आधार तुमच्याच लेखाचा.”

मी बाहेर येऊन रांगेत उभ्या गयासोद्दीन यांना ते सांगितले. त्यांच्यापुढे गावातली म्हातारी चतुराबाई पासबुक घेऊन वाकलेली.

“चतुराबाई,” ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “ही खिडकी माझ्या हातची हाय. माप चुकलं माझं.”

“आता सांगतो व्हय रे मिस्तरी? माझी कंबर गेल्यावर?” रांग हसली. “पंचेचाळीस वर्षं त्या जकातवाल्याला शिव्या दिल्या मी. त्या वाया गेल्या की!”

“मला दे. माझ्याच हायत.”

“एवढ्या उचलवतील का तुला, म्हाताऱ्या? शिव्या राहू दे. खिडकी वर कर.”

“करू देत न्हाईत.”

ती सरळ झाली आणि तिने माझ्याकडे पाहिले.

मजकूर माझा होता. तो मागे घेण्याचा अर्ज मी दिला. चूक कोणाची, हे गयासोद्दीन यांच्या सांगण्यावरून त्यात स्पष्ट लिहिले. खाली त्यांनी उर्दूत सही केली. बँकेने तो मान्य केल्यावर ग्रॅनाइट त्यांनीच छिन्नीने उतरवले आणि चार भोके अशी बुजवली, की जागा ओळखू येत नाही. खिडकी वर घेण्याचा अर्ज वरिष्ठ कार्यालयात आहे. सात महिने झाले.

परवा बँकेत मी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे गयासोद्दीन होते. बँकेत त्यांचे काही काम नसते, ते दर सोमवारी येतात, पाळी आली की गुडघ्यावर हात ठेवून वाकतात, “अर्जाचं उत्तर आलं का?” एवढेच विचारतात आणि सरळ होतात. त्यांच्यानंतर माझी पाळी होती. मी वाकण्यापूर्वीच बाजूचे दार उघडले, आणि कारकुनाने माझ्या हातातला कागद नम्रपणे काढून घेतला.