सगळ्या पोचल्या

आज वर्ष झालं. नंदा घरी पोचली नव्हती, आणि आम्ही सगळे निवांत झोपलो होतो.

हे वाक्य लिहायचं वर्षभर टाळलं. आज लिहितोय, कारण भीती अजून गेलेली नाही.

नंदा म्हणजे मुरबाडच्या कॉलेजातल्या विद्यार्थी मंडळाची जीएस. टोकावड्याच्या पुढे फाट्यावर उतरून अर्धा तास चाललं की तिचा पाडा. तिथून कॉलेजला येणारी ती एकटीच. माझी मुलगी ऋजुता तिच्या एक वर्ष मागे.

मंडळाकडून लोकांची अपेक्षा काय असते? गॅदरिंग, डीजे आणि प्राचार्यांशेजारी उभं राहून फोटो.

हिने पुस्तकपेढी उघडली. एसटी पासचे फॉर्म एका टेबलावर आणले. मुलींच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. कडी! आधीच्या कुठल्याच मंडळाला ती सुचली नव्हती.

आणि मग ती वही.

प्रॅक्टिकल उरकून संध्याकाळी गावोगावी परतणाऱ्या मुलींची नावं त्यात असायची. घरी पोचलं की नंदाला मिस्ड कॉल द्यायचा. ती नावापुढे खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या की मुलींच्या आणि पालकांच्या ग्रुपवर मेसेज: सगळ्या पोचल्या.

इथे किन्हवलीत ऋजुता माझ्यासमोर चहा पीत बसलेली असायची, तरी तो मेसेज वाचला की मला बरं वाटायचं.

मंडळाच्या सेवा सप्ताहाची बातमी करायला मी कॉलेजात गेलो होतो. पाठशाळेत संस्कृत शिकून वार्ताहर झालो, म्हणून तालुका मला गुरुजी म्हणतो. पूजा सांगता येत नाही, बातमी सांगता येते. लोकांचा विश्वास दोन्हीवर बेताचाच.

नंदा म्हणाली, "गुरुजी, तुमच्या संस्कृतात मिस्ड कॉलला काय बोलतात?"

"आमच्याकडे दूत असत. आणि ते हमखास उशिरा पोचत."

"मंग आमची वही बरी!"

मी गमतीतच विचारलं, "आणि तू पोचलीस हे कोण लिहितं गं?"

"आमच्या पाड्यात रेंजच नाय, गुरुजी. रेंज नाय तिथं भीती पन नाय."

मी इतका खूश झालो की त्या वाक्याचं बातमीला शीर्षक केलं.

प्रश्न माझा होता. बरोबर होता. उत्तर झकास आलं म्हणून मी तो तिथेच सोडून दिला. तरुणपणी न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, घोकलेल्या माणसाने.

फाट्याच्या पुढे फोन चालत नाही. म्हणून ती शेवटचा मिस्ड कॉल येईपर्यंत फाट्यावर थांबायची, मेसेज टाकायची आणि मग चालायला लागायची.

म्हणजे रोज आधी "सगळ्या पोचल्या" आणि मग ती एकटी बांधावर.

त्या संध्याकाळीही मेसेज आला. कुणी अंगठ्याचा इमोजी टाकला. ऋजुताने हात जोडले. मी टीव्हीवर बातम्या लावल्या.

भातकापणीचे दिवस होते. बांधावर घोणस चावली.

मंडळाला वाटलं, ती घरी गेली. आईला वाटलं, मंडळाच्या कामासाठी मैत्रिणीकडे मुरबाडला राहिली. शोधायला कुणी निघालंच नाही.

सकाळी कापणीला जाणाऱ्या बायांना ती दिसली. वही बॅगेत होती. सगळ्या नावांपुढे खुणा होत्या. तिचं नाव त्या यादीत नव्हतंच.

डॉक्टर काय म्हणाले ते लिहीत नाही. "वेळेवर आणली असती तर" असं काहीतरी होतं.

दहाव्याला तिची आई माझ्याजवळ आली. "पेपरात तुमी लिवलं व्हतं ना, भीती नाय म्हनून? शेजारनीकडून वाचून घेतलं व्हतं मी. लय बरं वाटलेलं."

 

यंदा ऋजुता जीएस आहे. वही तिच्याकडे. तिने नियम केला: वही सांभाळणारीचं नाव सगळ्यात वर आणि खूण सगळ्यात शेवटी.

नंदाच्या पाड्यातल्या दोघी यंदा कॉलेजला आहेत. फाट्यावर त्यांना घ्यायला नंदाची आई उभी असते. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. त्यांना घरात सोडून ती पाड्यामागच्या टेकाडावर चढते. तिथे एक काडी रेंज मिळते. "पोचल्या गो दोघी," एवढंच सांगते आणि फोन ठेवते.

ते टेकाड तेव्हाही होतं. आम्ही कुणी विचारलं नाही.

परवा सव्वासात झाले. ऋजुता नाही, मेसेज नाही. फोन लावला, तो बंद.

मी नाक्यावर गेलो. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं आणि मध्ये तो काळा रस्ता. मला सहस्रनाम पाठ आहे, पण तोंडातून एक नाव फुटेना. एक जीप गेली. दुसरी थांबली, तिच्यातून दुसऱ्याच कुणाची मुलगी उतरली. मी खांबाला धरून उभा राहिलो.

पावणेआठला एसटी आली. ऋजुता उतरली.

"अहो बाबा, टायर गेला सरळगावला. मोबाईल पण मेला. आणि तुमची चप्पल कुठाय?"

तेव्हा मला कळलं, मी अनवाणी आलो होतो.

तिने माझा फोन घेतला. तिचा मोबाईल लागेना म्हणून मुलींनी ग्रुपमधल्या माझ्या नंबरवर मिस्ड कॉल दिले होते. खुणा करून झाल्या आणि ती मेसेज लिहायला लागली.

"इथे नको. घरी चल."

"बाबा, घर हे काय समोर आहे. सगळ्या वाट बघतायत."

"मग भरभर चल."

उंबरठा ओलांडला, सँडल काढले आणि मग तिने लिहिलं.

सगळ्या पोचल्या. मी पण.

नंदा, हे शेवटचे दोन शब्द मी तुझ्याकडून रोज मागून घ्यायला हवे होते. पोरी, तुला नमस्कार.