मीठ-मोहऱ्या आणि ट्राउट

नाव उलटली तेव्हा माझ्या उजव्या मुठीत मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या होत्या. मूठ मी सोडली नाही. बाकी सगळं सुटलं. चष्मा, चप्पल, लेकाच्या हातातला मासा आणि लेकही.

पाणी इतकं गार की ओरडायला तोंडच उघडेना. (सून म्हणते उघडलं होतं, किनाऱ्यावर ऐकू आलं.) लाइफ जॅकेटने मला बुचासारखं वर फेकलं आणि नऊवारी माझ्याभोवती फुगून बसली. समोर विलास, माझा लेक, उलट्या नावेला धरून दात वाजवत होता.

"आई, पाय टेकव."

"मला पोहता येत नाही."

"पोहू नकोस. पाणी छातीएवढंच आहे. उभी राहा."

"उभी राहिले म्हणून तर हे झालं ना!"

आता का उभी राहिले ते सांगते.

विलास कॅनडात, ब्रॅम्पटनला कॉम्प्युटरचं काम करतो. तीन उन्हाळे तो ट्राउटच्या मागे लागला होता. हा मासा वर उत्तरेला, डोंगरातल्या थंड तळ्यांत राहतो. अंगावर लाल ठिपके, आणि स्वभाव माझ्या सासूसारखा, बोलावलं की यायचं नाही. विलास पहाटे गाडी काढायचा आणि अंधार पडल्यावर डास चावून घेऊन परत यायचा. हिवाळाभर बेसमेंटमध्ये बसून गळाच्या काठ्या पुसायचा. त्याचे वडील गेल्यापासून तो इतकं मन लावून काही करताना मी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी मेधा, म्हणजे सून, म्हणाली, "विलास, या वेळी रिकाम्या हाताने आलास तर काठ्या गराज सेलमध्ये विकून टाकीन." तो हसला खरा, पण त्या रात्री भाकरी अर्धी टाकून उठला.

मी ओळखलं. दृष्ट लागली होती.

पण दृष्ट काढायची कुठे? मागच्या खेपेला मी घरात मीठ-मोहऱ्या जाळल्या तर छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं, शेजारीपाजारी रस्त्यावर आले आणि पाठोपाठ आगीचा बंब. बंबवाल्याने विचारलं, काय जळलं? विलास म्हणाला, चटणी. तेव्हापासून मला घरात बंदी. तळ्यावर छत नाही, यंत्र नाही. मी पुरचुंडी बांधून ओच्यात खोचली. किनाऱ्यावर चहासाठी जाळ करतील, तेव्हा उरकू असा बेत होता.

तिकडच्या होडीला कनू म्हणतात. शेंगेसारखी लांब, आणि एका बाजूला कलायचा नुसता विचार केला तरी कलते. मला समोर बसवून विलासने बजावलं, "आई, काही झालं तरी उठायचं नाही."

"मी कशाला उठू?"

मेधा कॅमेरा घेऊन किनाऱ्यावरच थांबली. तिचा कनूवरही विश्वास नाही आणि माझ्यावरही.

काठाजवळ पडलेल्या एका झाडापाशी काठी वाकली. विलासने श्वास रोखला, मीही रोखला. थोड्या ओढाताणीनंतर त्याने मासा वर उचलला. लाल ठिपके, सोनेरी पोट, दीड वीत लांब. विलास मेधाला दाखवायला वळला. दहावीत पहिला आला तेव्हाही त्याचा चेहरा असा नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या होडीतला म्हातारा गोरा म्हणाला, "नाइस फिश!"

त्याच्या होडीत मी आधीच डोकावले होते. बादली रिकामी. रिकाम्या बादलीचा माणूस दुसऱ्याच्या माशाला छान म्हणतो, यापेक्षा कडक दृष्ट कुठली? किनाऱ्यापर्यंत थांबले असते तर मासा तरी गेला असता नाहीतर पोरगा तरी. आणि दृष्ट बसून काढली तर उतरत नाही. पुरचुंडी सोडून मूठ भरली आणि मी उठले.

"आई, बस."

"गप. हलू नकोस. आल्यागेल्याची, गोऱ्याकाळ्याची..."

"आई, अगं कनू..."

पहिला फेरा झाला. दुसऱ्याला आम्ही नव्हतो.

त्याच म्हाताऱ्या गोऱ्याने आम्हाला किनाऱ्याला ओढलं आणि स्वतःचं ब्लँकेट माझ्या अंगावर टाकलं. (नजर वाईट, माणूस चांगला.) विलास जाळापुढे बसून पाण्याकडे बघत राहिला. माझ्यावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

इतक्यात मेधा कॅमेऱ्यात बघून हसायला लागली. हसता हसता दगडावर बसली आणि कॅमेरा आमच्यापुढे धरला. आडवी कनू, माझे दोन्ही हात आभाळाकडे, विलासचं तोंड उघडं, आणि सगळ्यांच्या वर, हवेत, लाल ठिपक्यांचा मासा.

"पकडला होतास रे," ती म्हणाली.

"हाताला नाही ना लागला."

"फोटोत आहे. राहू देत काठ्या."

तेव्हा कुठे तो हसला. मी गुपचूप मूठ जाळात सोडली. नुसतं चर्र झालं, ठसका लागला नाही.

"बघ," मी म्हटलं, "ठसका नाही. म्हणजे दृष्ट जबर होती."

"आई, मिरच्या भिजल्यात," विलास म्हणाला.

त्या तळ्यातून विलास जगला, मी जगले आणि मासाही जगला. मेधाचं म्हणणं, दृष्ट मी माशाचीच काढली.