परक्या भाषेतली पाठदुखी

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला वर्ध्याजवळचा तो कौलारू दवाखाना आठवतो. पन्नास सालानंतरचे ते दिवस, माझं नुकतंच लग्न झालेलं. सासूबाईंचे गुडघे चोळून घ्यायला आम्ही दर बुधवारी तिथे जायचो. स्पेनहून आलेली नर्स माझ्याकडून मराठी शिकायची आणि मला तिच्या भाषेत दुखणं नीट कसं सांगायचं ते शिकवायची. तिच्या भाषेत "माझा गुडघा दुखतो" नाही, "मला गुडघा दुखतो" असं म्हणायचं, हे तिने दहादा घोकून घेतलं. घागरी वाहून माझी पाठ भरून आली होती, पण सासूसमोर सुनेने स्वतःचं दुखणं काढायची आमच्याकडे रीत नव्हती. एका बुधवारी सासूबाई शेजारीच बसल्या असताना मी धीर करून नर्सला म्हटलं, "मे दुएले ला एस्पाल्दा." मला पाठ दुखते. नर्स काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "तिच्या पाठीले तेल लाव वं बाई." मी चमकून विचारलं, "तुमाले कसं समजलं?" "बोलताना हात पाठीवर गेलता ना तुया! मले काऊन नाई सांगतलं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकाच्या हाती घागर दिली, आणि माझ्या यजमानांना पाणी भरताना बघायला अख्खी आळी बाहेर आली. आता गुडघे माझे दुखतात, पण माझं लक्ष सुनेच्या हाताकडे असतं.