न फेकता येणारी पिशवी

ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जुने संगणक-गेम जपून ठेवण्याची एक खोली होती आणि तिथल्या गृहस्थांना सगळे कुलूपवाले म्हणत. कारण साधं होतं. येणाऱ्या प्रत्येक गेमच्या अर्जावर 'कुलूप: आहे / नाही' असा एक रकाना होता आणि तो भरणं हेच त्यांचं काम. 'नाही' असेल तर गेम कायमचा जपायचा. 'आहे' असेल, म्हणजे दुकानाला विचारल्याशिवाय गेम उघडतच नसेल, तर फक्त नाव यादीत लिहायचं, गेम परत. कुलपाची किल्ली दुकानाकडे, आणि दुकान बुडालं की गेम मेला, मग मढं सांभाळून काय करायचं, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. हल्ली गेम ऑनलाइन दुकानातून मिळतात आणि त्यासाठी त्या दुकानाचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर बसवावा लागतो. तो कुलपात धरायचा की नाही?

"अहो, दुकानदारानं पिशवीत घालून माल दिला तर पिशवी म्हणजे कुलूप झालं का?" ग्रंथपाल बाई विचारत.

"घरी आल्यावर फेकता आली तर पिशवी," कुलूपवाले म्हणत. "फेकता आली नाही तर कुलूप."

हातच्या काकणाला आरसा कशाला! कोपऱ्यात एक संगणक होता, त्याला नेट नाही, दुकानाचा प्रोग्रॅम नाही, काही नाही. त्याला सगळे 'उपाशी' म्हणत. गिऱ्हाइकाला मिळते तीच प्रत उपाशीवर घालायची. उघडली तर कुलूप नाही. दुकानाच्या नावानं टाहो फोडला तर आहे. अपील नाही. उपाशीसमोर भलेभले रडून गेले होते.

अशात एके दिवशी कुलूपवाल्यांची थोरली बहीण थेट खोलीत येऊन बसली. ताईनं नऊ वर्षांपूर्वी एकटीनं एक गेम केला होता. नदीवर नाव चालवणाऱ्या बाईचा. आयुष्यात तिनं तेवढा एकच केला. तो ज्या दुकानात होता ते महिनाअखेरीस बंद होणार होतं.

"तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "नाहीतर गेलाच तो."

"चाचणी होईल," कुलूपवाले म्हणाले. बहीण झाली म्हणून काय झालं?

गेम दुकानात आला त्या दिवशीच त्यांनी तो विकत घेतला होता. तीच प्रत त्यांनी ऑफिसच्या संगणकावर उतरवून घेतली आणि उपाशीवर टाकली. उपाशीनं दोन सेकंद विचार केला आणि दुकानाचा प्रोग्रॅम मागितला.

कुलूपवाल्यांनी पेन उचललं. 'आहे'वर खूण झाली.

"मी कुलूप लावलेलं नाही!" ताई उसळली.

"तू नसशील लावलं. लागलंय."

ताई कपाळाला हात लावून बसली. मग एकदम म्हणाली, "पदकं! खेळणाऱ्याला पदकं मिळावीत म्हणून दुकानाचा एक तुकडा आत घातला होता मी. तोच हाका मारतोय मेला. काढते."

तिनं आपला लॅपटॉप उघडला, तासाभरात तो तुकडा काढला आणि नवी आवृत्ती दुकानात चढवली. ती भावाच्या खात्यावर उतरतेय का, हे पाहायला दोघं पडद्यापुढे वाकले. गेमच्या नावाखाली दुकानानं बारीक अक्षरात लिहिलं होतं: खेळलेला वेळ, शून्य मिनिटं.

दोघांनीही ते वाचलं.

"मी ते दुकानाचे प्रोग्रॅम घरी बसवत नाही," कुलूपवाले म्हणाले. "तत्त्व म्हणून."

"माहीत आहे."

"पण मी तुला म्हणालो होतो..."

"शेवट फार आवडला, म्हणाला होतास," ताई शांतपणे म्हणाली. "त्या गेमला शेवट नाहीये रे. काठावर कायम कोणीतरी उभं असतं. मला तेव्हाच कळलं होतं."

नऊ वर्षं तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. कुलूपवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी प्रत उपाशीवर गेली आणि मुकाट उघडली. पडद्यावर नदी, नाव, आणि काठावर एक म्हातारा. त्यांनी जुनी खूण खोडली, 'नाही'वर केली, खाली सही केली. गेम उघडला की चाचणी संपली, बंद करायचा, हा नियम त्यांनीच केलेला होता.

त्यांनी तो बंद केला नाही. म्हातारा वाट पाहत उभा होता.

"ताई," ते म्हणाले, "वल्हं कुठल्या बटणानं मारायचं?"