लाल गोलातलं नाव
झेरॉक्स मशीनमधून नुकत्याच निघालेल्या गरम कागदाचा वास आला, की मला नर्सिंग कॉलेजच्या नोटीस बोर्डावरची ती यादी आठवते. एप्रिलची दुपार होती, व्हरांड्यातला कूलर नुसताच घरघरत होता. नर्स म्हणून नोंदणी मिळवायची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. आमचं बारावीचं इंग्रजी आणि सराव परीक्षेचे गुण बघून आमच्या वर्गाच्या मॅडमनी कोण पास होणार, कोण नापास, याचा अंदाज काढून ती यादी लावली होती. नापास होणाऱ्यांच्या नावाभोवती लाल गोल होता, माझ्याही. मॅडमनी आमच्या गावाहून, रोहण्याहून, बाबांना बोलावून घेतलं. "हिला यंदा बसवू नका, कॉलेजचा निकाल खराब होईल." बाबा शाळेत शिपाई, मान खाली घालायची सवय झालेले. "चाल माय, पुढच्या वर्षी पाहू," ते पुटपुटले. ती वाकलेली मान बघून माझं डोकंच फिरलं. "मॅडम, यादी तुमची हाय, पण पेपर मले लिहायचा हाय. फॉर्मवर सही द्या, नाईतर मी इथून हलत नाई." मी दारातच बसले. पाच वाजता सही मिळाली. परीक्षा दिली आणि एका विषयात नापास झाले. "सांगितलं होतं ना?" मॅडम म्हणाल्या. "सांगतलं होतं. आता दुसरा फॉर्म द्या." सहा महिन्यांनी मी पास झाले. आज मी त्याच कॉलेजात शिकवते. गेल्या आठवड्यात ऑफिसनं माझ्याकडे नापास होतील अशा मुलींची यादी मागितली. मी वर्गातल्या सगळ्या मुलींचे परीक्षेचे फॉर्म सही करून पाठवून दिले.