थोरल्याचा आवाज

वहिनीच्या गिटारीचं कुणी कौतुक केलं की तिच्या कपाळाला आठी पडायची, कारण पुढचं वाक्य तिला पाठ होतं. "थोरल्याची गिटार ना ती! आवाज अगदी त्याचाच हो!" म्हणजे टाळ्या हिच्यासमोर वाजवायच्या आणि श्रेय द्यायचं नवऱ्याला, तेही त्याला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. सुरुवातीला तिला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. तो नाही तर निदान त्याचा आवाज आहे, असं म्हणून ती रडून मोकळी व्हायची. पण माणूस किती वर्षं दुसऱ्याच्या नावाने टाळ्या घेणार? पुढे पुढे ते कौतुक तिला टोचायला लागलं.

दिवसभर ती पडदे शिवायच्या कारखान्यात असायची. जाड कापडाच्या दुमडी हाताने टाचून टाचून उजव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले होते. शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये बँडबरोबर गिटार. बँड धाकट्या दिराचा. तो ड्रम वाजवायचा आणि तिला वहिनी म्हणायचा, म्हणून गायिकेपासून वेटरांपर्यंत सगळ्यांची ती वहिनीच झाली.

थोरल्याने मागे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक लाल गिटार, हात लागून लागून रंग उडालेली. दुसरा त्या गिटारीचा अ‍ॅम्प्लिफायर, ज्याला घरात सगळे खोका म्हणत. खोक्याच्या बटणांभोवती थोरल्याने बायकोच्याच नेलपॉलिशने ठिपके काढून ठेवले होते, कुठलं बटण कुठे थांबवायचं त्याचे. दिराने त्या ठिपक्यांचं देवस्थान केलं होतं. वाजवायच्या आधी पिवळं फडकं घेऊन तो खोका पुसायचा, वाकून एकेक ठिपका तपासायचा आणि सगळ्यांना दम द्यायचा, "बटणाला कुणी बोट लावायचं नाही. दादाचा आवाज आहे त्यात." एकदा गायिकेच्या ओढणीने एक बटण सरकलं, तर हा बाबा कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही. वहिनीनेही त्या बटणांना कधी हात लावला नव्हता. तिला कधीकधी वाटायचं, आवाज जरा जाड हवा होता. वाटायचं आणि ती गप्प बसायची.

मग हॉटेलला नवा मॅनेजर आला. त्याला स्टेजवर तरुण चेहरे हवे होते. दिराने कुठूनसा एक लांब केसांचा गिटारवाला शोधून काढला आणि एका संध्याकाळी चहा पिता पिता वहिनीपुढे विषय काढला.

"वहिनी, तुमचेही गुडघे दुखतात हल्ली. किती उभं राहायचं माणसाने? आता आराम करा. आणि काळजी करू नका, गिटार दादाचीच राहील, खोकाही दादाचाच. आवाज कुठे जातोय?"

वहिनीने कप खाली ठेवला. "भावजी, म्हणजे आजवर तिथे मी नव्हतेच का?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. गिटार उभी होती आणि मी तिला टेकू दिला होता, असंच ना?"

दीर मनाने वाईट नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. शिवाय मनात एक भीती होती, ती तिने बोलून दाखवली नाही. त्याचं खरं असलं तर?

"द्या त्याला गिटार," ती म्हणाली. "पण महिनाअखेरच्या तालमीला मीही वाजवणार, दुसऱ्या गिटारीवर. दोघांचं ऐका आणि मग सांगा मला घरी बस म्हणून."

"दुसरी गिटार आणणार कुठून?"

"ते माझं मी बघते."

गिटार निघाली कारखान्यातल्या इस्त्रीवाल्याच्या घरी, कपाटावर. तरुणपणी एका मुलीवर छाप पाडायला त्याने ती घेतली होती. मुलीने दुसऱ्याशी लग्न केलं आणि गिटारीवर धूळ बसली. "न्या वहिनी," तो म्हणाला, "नाहीतरी अपशकुनी आहे ती."

अपशकुनी म्हणजे काय, ते वहिनीला पहिल्याच दिवशी कळलं. तारा इतक्या उंच, की दाबता दाबता बोटं कळवळली. आवाज तर डबा वाजवल्यासारखा. सगळा आवाज वाजवणाऱ्याच्या हातात असतो म्हणणाऱ्यांच्या गळ्यात एकदा ही गिटार घालावी! वहिनीचा चेहरा पडला. पण ती गाशा गुंडाळणाऱ्यांतली नव्हती. तिने जुन्या तारा काढून जाड तारा चढवल्या. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पॉलिश पेपरवर घासून घासून खाली आणली. एकदा जास्त घासली आणि तार झणझणायला लागली, तेव्हा खाली कागदाची घडी सरकवली.

जेवणाच्या सुट्टीत ती कापड बेतायच्या मोठ्या लाकडी टेबलाशी बसायची. विजेची गिटार वायरीशिवाय पुटपुटल्यासारखी वाजते. पण गिटारीचं डोकं टेबलाच्या कडेला घट्ट टेकवलं की अख्खं टेबल बोलायला लागायचं. शिवणाऱ्या बायका डबे बाजूला सारून टेबलाला कान लावायच्या. "वहिनी, आज टेबल रडतंय हो!" एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "रडू दे, तुझ्या गाण्यापेक्षा बरं!" वहिनी हसायची आणि पुन्हा तीच जागा वाजवायची. तार छेडायची प्लास्टिकची पट्टी, पिक, तिने कधी वापरलीच नव्हती. घट्टा पडलेल्या अंगठ्याने ती तार ढकलायची, सोडायची आणि सूर विझत येईपर्यंत दुसऱ्याला हात लावायची नाही. अशी सवय कधी लागली, कुणी लावली, तिला आठवेना. नवऱ्यानेच शिकवलं असणार, ती मनाशी म्हणायची. दुसरं कोण?

तालीम नेहमीप्रमाणे वहिनीच्या बाहेरच्या खोलीत होती. आतल्या खोलीत सासूबाई पलंगावर. त्यांना आता दिसत नव्हतं, पण त्यांचा अख्खा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेला होता. दारातून कोण आलं ते खोकल्यावरून सांगायच्या.

लांब केसांच्या गिटारवाल्याने लाल गिटार गळ्यात घातली. दिराने खोका पुसला, ठिपके तपासले, मान डोलावली. आणि गिटार वाजली. पोरगा तयारीचा होता, बोटं अशी पळत होती की बघत राहावं. पण आवाज निघाला पातळ, टोकदार आणि घाईचा.

दीर थांबला. वाकून ठिपके पाहिले. जागच्या जागी. वायर काढून परत खोचली. "कुणीतरी बटण फिरवलंय!" तो ओरडला आणि त्याने गायिकेकडे पाहिलं.

"माझी ओढणी बघा, कमरेला बांधलीय!" गायिका फणकारली.

पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. शेवटी दिराने स्वतःचाच नियम मोडून एक बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं आणि कपाळावर घाम घेऊन परत ठिपक्यावर आणलं.

"भावजी, आता मी," वहिनी म्हणाली आणि तिने इस्त्रीवाल्याची गिटार त्याच खोक्याला जोडली.

पहिलाच सूर निघाला आणि तिला कळलं की हा लाल गिटारीचा आवाज नाही. कोरडा आहे, गोडवा कमी आहे. पण हात थांबवला नाही. अंगठ्याने तार ढकलली, सोडली, वाट पाहिली. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

दीर हळूच म्हणाला, "हा दादाचा आवाज नाही."

तेवढ्यात आतून हाक आली. "सूनबाई वाजवतेय ना? मगाशी कोण होतं ते?"

दीर दारात गेला. "आई, गिटार दुसरी आहे. मग ओळखलंस कसं?"

"गिटार दुसरी असेल. तिचा हात नाही का कळत मला? इतकी वर्षं ऐकतेय."

"पण इतकी वर्षं वाजत होता तो तर दादाचा आवाज..."

"दादाचा?" सासूबाई पलंगावर उठून बसल्या. "अरे, दादाचा आवाज दादाबरोबरच गेला. त्याचा हात पळायचा, मगाच्या त्या पोरासारखा. ही थांबते. तुम्ही सगळे त्याचा आवाज, त्याचा आवाज म्हणायचात. मला वाटलं, पोरं मनाची समजूत घालताहेत. घालू दे. म्हणून मी गप्प राहिले."

वहिनी मटकन खुर्चीवर बसली. जिंकली होती ती, पण डोळ्यांना धार लागली. म्हणजे तो गेलाच होता. इतकी वर्षं दर शनिवारी त्याला सोबत घेऊन वाजवतेय असं वाटायचं, आणि तिथे ती एकटीच होती. ती पदराआड तोंड करून पोटभर रडली आणि कुणी तिला उगी म्हणालं नाही. दीर पिवळ्या फडक्याने स्वतःचेच डोळे पुसत होता.

मग लांब केसांच्या पोराने लाल गिटार उतरवून तिच्यापुढे धरली. "घ्या वहिनी. माझ्या हातात ती काही बोलत नाही."

"तुझ्या हातात ती तुझं बोलत होती. जरा दमाने घे, मग ऐकू येईल," वहिनी म्हणाली. इस्त्रीवाल्याची गिटार तिने नीट भिंतीला टेकवली आणि लाल गिटार घेतली. चांगल्या गिटारीशी तिचं काही वैर नव्हतं.

"मॅनेजरला काय सांगू?" दिराने विचारलं.

"सांगा, म्हातारी उभी राहणार आहे. गुडघे दुखले तर खुर्ची द्या म्हणावं."

ती खोक्याशी गेली आणि वाकली. आवाज जरा जाड हवा होता, कधीपासून हवा होता. तिने बटण धरलं आणि नेलपॉलिशच्या ठिपक्यावरून पुढे फिरवलं. दिराचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्याने फडकं खिशात घातलं, ड्रमच्या काड्या उचलल्या आणि म्हणाला, "चला वहिनी, तुम्ही सुरू करा."